बातमी टपरीच्या आधी शॉपवर पोहोचली पाहिजे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत वडिलांनी उभी केलेली छोटी फौंड्री (लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना) आणि तिला जोडून मशिन शॉप. ट्रॅक्टर आणि पंपाचे सुटे भाग. पटावर ३४ माणसं, ठेकेदाराकडची १८. कामगार कायदे, बारा तासांची ड्यूटी, जीएसटी, अमेरिकेचं शुल्क, वीजदर अशा बातम्या एकामागून एक येत राहिल्या. प्रत्येक बातमीनंतर शॉपवर, म्हणजे कामाच्या जागी, कुजबुज, साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी गैरहजेरी, आणि एखादा चांगला ऑपरेटर हजार रुपये जास्त मिळतात म्हणून शेजारी गेलेला. यातल्या कोणत्या बातम्यांकडे लक्ष द्यायचं आणि माणसं कशी टिकवायची, असं तुम्ही विचारलंय.

हे दोन प्रश्न म्हणून विचारलेत, पण मला त्यांचं उत्तर एकच दिसतं. फौंड्रीत मेल्टिंगवर, म्हणजे धातू वितळवण्यावर, सुरुवात करून पुढे मी वर्क्स मॅनेजर म्हणून काम केलं, आणि आता शिरोलीपासून कागलपर्यंतच्या लहान कारखान्यांत जाऊन बसतो. तिथे सगळीकडे एक गोष्ट सारखी दिसते. बातमी आली म्हणून कामगार बिथरत नाही. ती अर्धवट कानावर येते आणि मालक गप्प राहतो, म्हणून बिथरतो. मालक गप्प असला की शॉपवर त्याचा अर्थ एकच लावतात, काहीतरी दडवायचं चाललंय. सकाळी टपरीवर कोणीतरी व्हिडिओ दाखवतो, दुपारच्या जेवणापर्यंत त्याचं "पगार कापणार हैत म्हणं" झालेलं असतं, आणि चारच्या सुमाराला तुमचा सगळ्यात हुशार सीएनसी ऑपरेटर ओळखीच्या माणसाला फोन लावून जागा आहे का विचारतो. बातमी आत नेण्याचं काम तुम्ही केलं नाही तर ते दुसरं कोणीतरी करतं, आणि त्याला तुमच्या कारखान्याचा हिशेब माहीत नसतो.

आता लक्ष कशाकडे द्यायचं. बातमी वाचल्यावर स्वतःला एवढंच विचारा, हिच्यामुळे माझ्या कोणत्या कागदावरचा आकडा हलतो? मस्टर (हजेरीपट) आणि पगारपत्रक, गिऱ्हाइकाचं शेड्यूल (किती माल कधी हवा ते), येणं-देणं आणि लाइट बिल, हे चार कागद. चारांपैकी एकावरही फरक पडत नसेल तर ती बातमी वाचा आणि सोडून द्या, मग टीव्हीवर तिच्यावरून कितीही आरडाओरडा चाललेला असो. फरक पडत असेल तर त्याच आठवड्यात बसून आकडा काढा आणि तो शॉपवर सांगा. नुसती बातमी सांगितली तर घबराट वाढते. आकडा सांगितला की माणूस आपापल्या घरचा हिशेब मांडतो आणि कामाला लागतो.

सगळ्यात मोठं उदाहरण चार कामगार संहितांचं. केंद्र सरकारने त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्याचं जाहीर केलं. वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता असे चार कायदे. शॉपवर त्यातली एकच गोष्ट पोहोचली, हातात येणारा पगार कमी होणार. ही भीती आली कुठून ते आधी समजून घ्या. नव्या व्याख्येप्रमाणे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून एकूण मोबदल्याच्या निम्मे तरी असायला हवेत. घरभाडं, प्रवास वगैरे भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरची रक्कम वेतनातच धरायची. वेतन वाढलं की पीएफची कपात वाढणार, आणि कपात वाढली की हातात कमी येणार, असा तो तर्क.

आता तुमचं पगारपत्रक समोर घ्या. तुमच्या ऑपरेटर, मोल्डर (वाळूचा साचा करणारा), फेटलर (ओतलेला भाग घासून साफ करणारा) यांचं मूळ वेतन आणि विशेष भत्ता (किमान वेतनातला महागाई भत्ताच) किमान वेतनाच्या दरावर ठरलेला असणार. एखाद्याचा एकूण पगार २२,००० असेल आणि त्यातले १५,६०० मूळ आणि विशेष भत्त्याचे असतील, तर निम्म्याची अट आधीच पूर्ण होते. त्याच्या पगारात या व्याख्येने एक रुपयाचाही फरक पडत नाही. ज्या लोकांत सगळ्यात जास्त घबराट असते, त्यांच्यापैकी बहुतेकांना ही तरतूद शिवतही नाही. हे त्यांना कोणी सांगितलं? बहुतेक कारखान्यांत कोणीच नाही.

फरक पडतो तो सुपरवायझर, क्वालिटीचा माणूस, डिझाइनमधला इंजिनिअर यांच्यात, कारण त्यांचे पगार आपण तुकडे पाडून दिलेले असतात. समजा सुपरवायझरला ४०,००० आहेत, त्यात मूळ आणि महागाई मिळून १६,००० आणि बाकी २४,००० भत्ते. निम्मे म्हणजे २०,०००, म्हणून भत्त्यांतले ४,००० वेतनात येतात. त्याचा पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापत असाल तर तो आधीही १,८०० होता, आताही १,८०० च राहील. केंद्रीय श्रम मंत्रालयाने डिसेंबर २०२५ मध्ये नेमका हाच खुलासा केला. पूर्ण मूळ वेतनावर कापत असाल आणि तसंच पुढे चालू ठेवलंत तर कपात १,९२० वरून २,४०० होईल, म्हणजे हातात ४८० कमी, पण तेवढेच तुमच्याकडूनही त्याच्या खात्यात जास्त जातील. ग्रॅच्युइटी १५ भागिले २६ च्या हिशेबाने (महिना २६ दिवसांचा धरून १५ दिवसांचं वेतन) नोकरीच्या प्रत्येक वर्षाला ९,२३१ होती, ती ११,५३८ होते. बारा वर्षं झालेल्या माणसाच्या बाबतीत हा फरक सुमारे २७,७०० रुपयांचा आहे, आणि तो तुमच्या पुस्तकात देणं म्हणून उभा राहतो. हा आकडा मार्चअखेरीला सीएकडून कळण्यापेक्षा आत्ताच काढून घ्या. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर मोजतात, त्यामुळे मागच्या वर्षांचा हिशेब कसा धरायचा हे त्यांच्याकडूनच पक्कं करून घ्या. राज्याच्या नियमांत काय आहे तेही तुमच्या कामगार सल्लागाराला विचारा.

याच संहितांमध्ये कामगाराच्या हिताच्या बऱ्याच गोष्टी आहेत, आणि मालक त्या सांगत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. प्रत्येकाला नेमणूकपत्र. पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत पगार. नोकरी सोडली किंवा काढलं तर दोन कामाच्या दिवसांत वेतनाचा पूर्ण हिशेब. ठरावीक मुदतीवर घेतलेल्या माणसाला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क. चाळिशीच्या वरच्यांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी. फौंड्रीत ही शेवटची गोष्ट नुसती उरकायची नाही. मोल्डिंग आणि फेटलिंगच्या माणसाच्या फुप्फुसात सिलिकाची धूळ वर्षानुवर्षं जात असते. छातीचा एक्स-रे आणि श्वासाची चाचणी करा, ग्राइंडिंगवाल्यांची ऐकण्याचीही करा, आणि रिपोर्ट त्या माणसाच्या हातात द्या, फाइलमध्ये ठेवू नका. तीस वर्षं वाळूत काम केलेल्या मोल्डरला मालकाने दवाखान्यात नेऊन तपासलं, ही बातमीही टपरीवर पोहोचते.

दुसरी बातमी बारा तासांची. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत कामाची दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि जादा कामाची तिमाहीची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. शॉपवर त्याचं "आता आठ तासांच्या पगारात बारा तास" असं झालं. प्रस्तावात कामगाराची लेखी संमती आहे, आठवड्याचे ४८ तास आहेत आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दर आहे, हे कोणी वाचलं नाही. आणि खरं सांगायचं तर काही मालकांनीही नाही. आपल्या पट्ट्यात अनेक ठिकाणी दोन पाळ्यांत बारा-बारा तास मशिन चालतं आणि वरचे चार तास एकेरी दराने किंवा ठोक रकमेत दिले जातात. तुमच्याकडे तसं असेल तर ते आधी बंद करा. हिशेब बघा. ओटीसाठी (जादा तासांसाठी) धरायचं वेतन महिना १५,६०० असेल तर २६ दिवसांनी भागून रोज ६००, तासाला ७५, दुप्पट दराने १५०. चार तास ओटी म्हणजे ६०० रुपये, म्हणजे अख्खा दिवस. महिन्याचे २६ दिवस रोज चार तास धरले तर १०४ तास होतात, आणि नवी मर्यादाही पूर्ण तीन महिन्यांना १४४ चीच आहे. कायमची बारा तासांची पाळी नव्या मर्यादेतही बसत नाही. एवढी ओटी लागत असेल तर तुम्हाला माणसं कमी आहेत किंवा रिजेक्शन (नाकारला जाणारा माल) जास्त आहे. रात्री दोन वाजता थकलेल्या हाताने फिरवलेली बोअर (भागातलं भोक) सकाळी गेजच्या मापात बसत नाही, आणि ते रिजेक्शन ओटीच्या खर्चात कोणी धरत नाही.

ठेकेदाराच्या १८ माणसांबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, म्हणून मीच विषय काढतो. नव्या कायद्यात कंत्राटी कामगारांच्या तरतुदींची मर्यादा ५० वर गेली, म्हणून काही जण निश्चिंत झालेत. ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी शेवटी कारखान्यावरच येते, माणसं कितीही असोत. फेटलिंगवर आणि भट्टीवर आता बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशाची मुलं असतात. जी बातमी मराठीत सांगाल तीच त्यांना हिंदीत सांगा, आणि त्यांच्यातल्याच एकाला पुन्हा बोलायला लावा, म्हणजे काय पोहोचलं ते कळेल. छटपूजेला आणि होळीला कोण जाणार, कधी परतणार, हे महिनाभर आधी विचारून फळ्यावर लिहा. विचारलं की माणूस तारीख सांगतो. न विचारता धरून ठेवायला गेलं की तो न सांगता जातो. आपल्या राधानगरी, भुदरगड, पन्हाळ्याच्या माणसांचंही तेच. पाऊस लागला की भाताची रोप लावण येते, बेंदूर येतो, गावची जत्रा येते. यात बेशिस्त शोधू नका, हे कॅलेंडर आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात गावांप्रमाणे यादी करा आणि लावणीची सुट्टी वाटून द्या. साप्ताहिक सुट्टीला जोडून होणारी गैरहजेरी बरीचशी इथेच कमी होते. उरलेली उचल (आगाऊ घेतलेले पैसे) आणि व्यसनाची असते. तिथे सगळ्यांसमोर बोलू नका, बाजूला घेऊन बोला.

आता हे सांगायचं कसं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पाळी सुरू होताना दहा मिनिटं. ऑफिसमध्ये बोलावू नका, तुम्ही शॉपवर जा. सगळे उभे, तुम्हीही उभे. पहिल्यांदा काय झालं ते दोन वाक्यांत. मग आपल्या कारखान्यात कोणता आकडा बदलतो किंवा बदलत नाही. मग जे अजून ठरलेलं नाही ते, आणि त्याबद्दल कोणत्या तारखेला सांगणार ते. ही तारीख पाळा. माहिती मिळालेली नसली तरी त्या दिवशी उभे राहा आणि अजून कळलेलं नाही असं सांगा. माणसं मालकाला सगळं माहीत असावं अशी अपेक्षा धरत नाहीत. शब्द पाळला की नाही एवढं मात्र बरोबर लक्षात ठेवतात.

या बैठकीच्या आदल्या दिवशी सुपरवायझर आणि जुन्या मेस्त्रींना वेगळं बसवा, चहा मागवा आणि सगळं आधी त्यांना सांगा. ही पायरी लोक गाळतात आणि मग बैठक फसते. वडिलांच्या काळापासूनच्या मेस्त्रीला एखादी गोष्ट नव्या हेल्परबरोबर उभं राहून कळली तर त्याला तो अपमान वाटतो, आणि त्याचं वाटणं बरोबरच आहे. त्याला आधी कळलं की दिवसभर लोक त्यालाच विचारतात आणि तो तुमच्या बाजूने उत्तर देतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला धंदा अशाच मेस्त्र्यांच्या जिवावर उभा राहिला. म्हादबा मेस्त्रींसारख्या माणसांनी ऑइल इंजिन स्वतः बनवून दाखवलं, तिथे कसबी माणसाचा मान हा पगाराइतकाच महत्त्वाचा होता. तुमचा मेस्त्री नव्या मुलांना "तू गप, काम कर" म्हणतो अशी तक्रार तुम्ही केली आहे. त्याला बैठकीतला एक विषय बोलायला द्या. गेल्या आठवड्यातलं रिजेक्शन कुठल्या कास्टिंगला आलं आणि का, हे त्याने हातात तुकडा घेऊन सांगावं. ब्लो होल (हवेने पडलेलं भोक) होतं की धातूत अडकलेली वाळू, हे त्याच्याइतकं चांगलं कोणी दाखवू शकत नाही, आणि त्या निमित्ताने तो शिकवायला लागतो.

वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती असावी असं नव्या कायद्यातही आहे, मालक आणि कामगार सारख्या संख्येने आणि जास्तीत जास्त दहा जण. तुमच्याकडे ती लागते. ती कागदावर न ठेवता महिन्यातून एकदा बसवा. कँटीनच्या पाण्यापासून ओटीच्या वाटपापर्यंत जे शॉपवर कुजबुजलं जातं ते तिथे टेबलावर येऊ द्या.

गिऱ्हाईक आणि पैशाच्या बातम्या लवकर उरकतो, कारण त्यांचा शॉपशी संबंध दुरून येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि ट्रॅक्टरचे ठरावीक सुटे भाग १८ वरून ५ वर. मागणीला चांगलं. पण तुमचा भाग त्या यादीत असेल तर विक्रीवर ५ टक्के आणि पिग आयर्न, भंगार यांच्या खरेदीवर १८ टक्के, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट साचत जातं. परताव्याचा अर्ज वेळेवर करायला अकाउंटंटला सांगा, नाहीतर शेड्यूल वाढलं तरी खिसा मोकळाच राहतो. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, आणि नंतरही त्यात बदल होत राहिले. तुम्ही थेट निर्यात करत नाही, तेव्हा टीव्हीवरच्या चर्चेपेक्षा गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागातल्या माणसाला फोन लावा आणि पुढच्या तीन महिन्यांचं शेड्यूल लेखी मागा. शेड्यूल उतरलं तर त्याच आठवड्यात शॉपवर सांगा, आधी ओटी थांबेल, मग राहिलेली देखभाल आणि पॅटर्नची (साचा करायच्या नमुन्यांची) दुरुस्ती काढू, नव्या मुलांना दुसऱ्या मशिनवर शिकवू. कोणाला काढायचं नसेल तर तेही स्पष्ट सांगा. काढावं लागणार असेल तर खोटा धीर देऊ नका.

थकलेल्या बिलांबद्दल एवढंच. उद्यम नोंदणीचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. एमएसएमई विकास कायदा २००६ प्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस आणि नसेल तर १५ दिवस, त्यापुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २०२३ च्या वित्त कायद्याने आणलेल्या, उद्योजक ४३ बी (एच) म्हणतात त्या तरतुदीमुळे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत न दिल्यास गिऱ्हाइकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. हेच तुमच्या पॅटर्नवाल्याला आणि जॉबवर्क करणाऱ्यालाही लागू आहे. त्याचे पैसे तुम्ही थकवून गिऱ्हाइकाला नियम दाखवू नका. तुमचं गिऱ्हाईक २५० कोटींच्या वर उलाढाल असलेली कंपनी असेल तर तिला ट्रेड्स या ऑनलाइन व्यासपीठावर नोंदणी सक्तीची आहे, तिथे बिल चढवून बँकेकडून आधी पैसे घेता येतात. वेळेवर येणाऱ्या या पैशाचा शॉपशी संबंध एवढाच, पण तो फार मोठा आहे: सात तारीख चुकत नाही. हजार रुपयांसाठी जाणाऱ्या माणसाला थांबवायला सात तारखेला खात्यात पडणारा पगार आणि वाचता येईल अशी पगारपावती बरीच मदत करते. तरीही गेला तर दोन दिवसांत हिशेब द्या आणि हात मिळवून पाठवा. सहा महिन्यांनी परत येणारे मी खूप पाहिलेत.

वीजदराच्या बातमीत टक्केवारी पाहू नका. बिलावरचे वेळेनुसार आकारणीचे रकाने पाहा. रात्री भट्टी लावली की वीज स्वस्त, हा जुना हिशेब आता डोळे झाकून धरता येत नाही, कारण सवलतीचा कल दिवसा उन्हाच्या वेळेकडे सरकला आहे आणि संध्याकाळनंतर जादा आकार लागतो. इंडक्शन फर्नेसला टनामागे साधारण ५५० ते ६५० युनिट लागतात. तुमचा आकडा त्याच्या वर असेल तर दराआधी झाकण उघडं राहणं, धातू ओतायची वाट बघत भट्टीत ठेवणं आणि गंजकं भंगार यांच्याकडे बघा. पाळी बदलायची ठरली तर महिनाभर आधी सांगा. एखाद्याची पोरगी सकाळी शाळेला सोडायची असते, एखाद्याच्या गोठ्यात धारेची वेळ असते. वीजबिलात वाचलेले पैसे माणूस गमावून पुन्हा घालवू नका.

आपल्याकडची एक बातमी मात्र दरवर्षी येते आणि तिच्यासाठी तयारी करायला वेळ मिळतो, ती म्हणजे पंचगंगेची पातळी. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि दिवसेंदिवस वाहतूक बंद राहिली. गोकुळ शिरगाव उंचावर, कारखान्यात पाणी येत नाही, म्हणून तुम्ही सुरक्षित आहात असं नाही. तुमची माणसं चिखली, आंबेवाडीची असतील तर त्यांची घरं पाण्यात असतात. तेव्हा जूनमध्येच शॉपवर ठरवून सांगा, पातळी ३९ ला पोहोचली की नदीकाठच्या गावची माणसं न विचारता घरी जातील, घर आणि जनावरं हलवतील, आणि त्या दिवसांचा पगार कसा धरला जाईल. पूर्ण, अर्धा की रजेतून, तुमच्या ताकदीप्रमाणे ठरवा, पण पूर येण्याआधी ठरवा. पुण्याकडचं डिस्पॅच दोन दिवस आधी काढा आणि गिऱ्हाइकाला कळवा. ज्याच्या घराला पाणी लागलं त्याच्याकडे पाणी ओसरल्यावर चार जणांना साफसफाईला पाठवा, कारखान्याच्या वेळेत. या एका गोष्टीने जी माणसं जोडली जातात ती पगारवाढीने जोडली जात नाहीत.

पावसाळ्यातच दुसरी काळजी. भट्टीत ओलं भंगार गेलं तर त्यातल्या पाण्याची क्षणात वाफ होऊन वितळलेलं लोखंड उडतं. भंगार छपराखाली, चार्ज (भट्टीत टाकायचा माल) सुका, लाडलं (धातू ओतायची भांडी) आणि हत्यारं तापवून घेतलेली, भट्टीपुढच्या माणसाच्या अंगावर जॅकेट आणि तोंडावर शील्ड, यात कुठेही सूट नाही. आणि एमआयडीसीत कुठेही अपघात झाल्याची बातमी आली तर आठवड्याच्या बैठकीची वाट पाहू नका. त्याच दिवशी मशिन दहा मिनिटं थांबवा, जे कळलं ते सांगा आणि विचारा, असं आपल्याकडे कुठे होऊ शकतं? पहिल्यांदा कोणी बोलणार नाही. मग एखादा हेल्पर हळूच सांगेल की प्रेसचा गार्ड काढून ठेवलाय किंवा क्रेनचा हूक नीट बसत नाही. जो सांगेल त्याला सगळ्यांसमोर धन्यवाद द्या आणि ते मशिन दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवा, शेड्यूल कितीही अडलेलं असो. गार्ड कोणी काढला याची चौकशी त्या दिवशी करू नका, नाहीतर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की कामगारांचा व्हॉट्सअॅप ग्रुप बंद करावा का. करू नका. तुमच्या मनाई करण्याने तो बंद होणार नाही, तुमच्या नजरेआड जाईल एवढंच. भट्टीवर, क्रेनखाली आणि चालू मशिनवर मोबाइल नको हा सुरक्षेचा नियम कडक ठेवा, तो तुम्हालाही लागू. बाकी, ग्रुपवर एखादा व्हिडिओ फिरला आणि शंका आली तर ती मेस्त्रीला सांगायची आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत उत्तर मिळेल, असं ठरवून टाका. उत्तर शोधायला तुम्ही एकटे नाही. तुमच्या पट्ट्यात उद्योजकांची संघटना गोशिमा आहे, तशीच शिरोलीला स्मॅक, कागल-हातकणंगल्याला मॅक, शहरात कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन. कायद्यांवर त्यांच्या बैठका होतात. तिथे स्वतः जा, आणि पुढच्या वेळी सुपरवायझरला सोबत घेऊन जा.

पहिली बैठक याच आठवड्यात घ्या आणि विषय पगाराचाच घ्या. ३४ जणांची पगारपावती आधी काढून ठेवा, ज्यांच्यात फरक पडत नाही त्यांची नावं वेगळी करा आणि ज्या तिघा-चौघांच्यात पडतो त्यांच्याशी आदल्या दिवशी एकेकट्याशी बोला. ठेकेदाराच्या १८ जणांचे गेल्या तीन महिन्यांचे पगार कोणत्या तारखेला जमा झाले ते त्याच्याकडून लेखी घेऊन मगच त्यांच्यासमोर उभे राहा.